गाडी कोल्हापूरपर्यंतच

राजकीय हिंसेने पर्यटनाचे काय होते, हा प्रश्न निघाला की अभ्यासक लक्सर, बाली, कोलंबो अशी लांबची गावे घेऊन बसतात. त्या गावांकडे मीही येणार आहे. पण हा विषय समजून घ्यायला पुणेकराला विमानात बसावे लागत नाही. स्वारगेटच्या एसटी स्थानकात चौकशीच्या खिडकीशी उभे राहिले तरी पुरते. वर्षादोनवर्षांतून एखादा दिवस असा येतो, की निपाणी, बेळगाव, हुबळीकडे निघालेल्या माणसाला तिथे उत्तर मिळते : गाडी कोल्हापूरपर्यंतच.

स्थानकाबाहेरच्या चौकाला आणि त्यावरच्या उड्डाणपुलाला देशभक्त केशवराव जेधे यांचे नाव आहे. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली ती जेध्यांच्या अध्यक्षतेखाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, कारवार तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. सीमाभाग राहिला तो राहिलाच. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, महाराष्ट्राने तो नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. जेध्यांच्या नावाच्या चौकातून सुटणारी गाडी त्या न सुटलेल्या प्रश्नात शिरते आणि मध्येच थांबते. हा योगायोग मला नेहमी बोचतो.

दोन अलीकडचे प्रसंग सांगतो. २०२२च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या गावांवर हक्क सांगितला. ६ डिसेंबरला महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला जाणार होते. ते गेले नाहीत, पण त्याच दिवशी बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरप्लेटच्या मालमोटारींवर दगड पडले. संध्याकाळपर्यंत पुण्यात स्वारगेट परिसरात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासून झाले. दुसऱ्या दिवशी एसटी महामंडळाने कर्नाटकात जाणाऱ्या गाड्या थांबवल्या.

दुसरा प्रसंग २०२५चा. २१ फेब्रुवारीला बेळगाव जिल्ह्यात कर्नाटकाच्या बसमधल्या वाहकाला मराठी बोलला नाही म्हणून मारहाण झाल्याची तक्रार झाली. त्या रात्री बंगळूरहून मुंबईला येणारी आपली एसटी चित्रदुर्गजवळ अडवून चालकाला काळे फासण्यात आले. पुन्हा गाड्या बंद, पुन्हा स्वारगेटला काळा रंग. त्याच संध्याकाळी दिल्लीत विज्ञान भवनात ९८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले होते आणि अध्यक्षपदी होत्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर, लोकसंस्कृतीच्या अभ्यासक. लोकसंस्कृतीत मराठी आणि कानडी यांची वाटणी कुठे करायची, हे सांगलीच्या माणसाला विचारले तर तो हसेल. पंढरीच्या विठ्ठलाला संतांनीच कानडा म्हटले आहे, आणि रा. चिं. ढेरे यांनी ते नाते उलगडण्यासाठी आयुष्य वेचले तेही पुण्यातच.

गाडीच का? कारण दोन राज्यांच्या भांडणात शत्रू समोर दिसत नाही, गाडी दिसते. तिच्या अंगावर राज्याचे नाव असते, नंबरप्लेट असते, ती ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने येते आणि तिच्यात बसलेली माणसे उलट मारत नाहीत. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात २०१८च्या जुलैत चाकणला बसगाड्या जळाल्या, २०२३च्या ऑक्टोबरात मराठवाड्यात जळाल्या. तिथे भाषेचा वाद नव्हता, पण एसटी म्हणजे सरकार हा हिशेब तोच होता. चालकाचा त्या सरकारशी संबंध पगारापुरता, आणि तोही वेळेवर होतोच असे नाही.

आता पर्यटनाकडे. डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या थांबल्या तो ७ तारखेचा दिवस मार्गशीर्ष पौर्णिमेचा होता. म्हणजे दत्तजयंती. दत्तभक्तांच्या वाटा पाहा : औदुंबर, नरसोबाची वाडी महाराष्ट्रात, गाणगापूर कर्नाटकात, अक्कलकोट सीमेच्या अलीकडे, गाणगापूर पलीकडे, आणि पुणेकर हे दोन्ही एकाच फेरीत करतो. तिकडे सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्राही याच पौर्णिमेला भरते आणि कोल्हापूर भागातून लोक खास गाड्या करून तिथे जातात. देवस्थाने राज्य पुनर्रचनेच्या फार आधीची. त्यांना १९५६ कोणी कळवलेले नाही.

इथे मला या विषयातली पहिली महत्त्वाची गोष्ट दिसते. हिंसेची बातमी आली म्हणून गाणगापूरला निघालेला माणूस सहसा बेत रद्द करत नाही. तो गाडी बदलतो. एसटी नाही तर रेल्वे, नाही तर सीमेपर्यंत एक वाहन आणि पुढे दुसरे. त्याला गाणगापूरच हवे असते, गाणगापूरसारखे दुसरे काहीतरी नको असते. हंपी-बदामी बघायला निघालेल्या कुटुंबाचे तसे नसते. त्यांना चार दिवसांची सहल हवी असते. हंपी नाही तर वेरूळ, गोकर्ण नाही तर गणपतीपुळे. यात्रेकरू वाट बदलतो, पर्यटक गाव बदलतो. काश्मिरातही हेच दिसले आहे. २०१७च्या जुलैत अनंतनाग जिल्ह्यात अमरनाथ यात्रेकरूंच्या बसवर गोळीबार झाला, माणसे मेली, यात्रा चालू राहिली. २०२५ सालीही एप्रिलातल्या हत्याकांडानंतर साडेतीन महिन्यांच्या आत चार लाखांहून अधिक यात्रेकरू अमरनाथला गेले, आणि यात्रा ठरल्या दिवसाआधी थांबली ती पावसामुळे.

म्हणून सरकारी आकडे वाचताना सावध राहावे लागते. २०२४ साली जम्मू-काश्मीरला २ कोटी ३६ लाख पर्यटक आले, असा आकडा वारंवार दिला गेला. त्यातला मोठा वाटा वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंचा आहे, आणि वैष्णोदेवी जम्मूत. प्रत्यक्ष काश्मीर खोऱ्यात गेलेले त्या वर्षी सुमारे ३५ लाख, आणि त्यांतही अमरनाथचे पाच लाख मोजलेले. शिकारेवाला, हाउसबोटवाला, पहलगामचा घोडेवाला यांचे पोट उरलेल्या तीस लाखांवर. एकूण आकडा सावरला म्हणून त्यांचे सावरले असे होत नाही.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात २६ माणसे मारली गेली. त्यांत सहा महाराष्ट्राची होती, त्यांतले दोघे पुण्याचे. मेलेल्यांत एक स्थानिक घोडेवालाही होता. ही हिंसा चित्रदुर्गच्या हिंसेपेक्षा वेगळ्या जातीची. तिथे माणसाला राज्याचा प्रतिनिधी समजून अपमान केला गेला. इथे धर्म विचारून, पर्यटक म्हणून आलेल्यांना, बायकामुलांसमोर ठार केले गेले. दोन्ही एका पारड्यात घालू नयेत, आणि मी घालत नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे आहे : फिरायला निघालेला माणूस घरच्या ओळखीतून बाहेर पडून कुणाच्या तरी लेखी निव्वळ एक खूण होतो. कुठे ती खूण नंबरप्लेट असते, कुठे नाव.

मराठी माणसाला हा घाव जास्त लागण्याचे एक साधे कारण पंचांगात आहे, म्हणजे शाळांच्या. आपल्या परीक्षा एप्रिलच्या मध्यावर संपतात आणि घर बाहेर पडते. बंगाली पूजेच्या सुटीत, गुजराती दिवाळीत. काश्मिरातला एप्रिल-मे हा फार मोठ्या प्रमाणावर महाराष्ट्राचा हंगाम आहे. श्रीनगरच्या हॉटेलांत त्या दिवसांत सकाळी पोहे आणि रात्री वरणभात मिळतो तो उगाच नाही. हल्ला बरोबर त्या हंगामाच्या तोंडावर झाला.

त्यानंतर पैशाचे काय होते, हे सहसा लिहिले जात नाही, म्हणून जरा विस्ताराने. सहल काढणारा व्यावसायिक उन्हाळ्याच्या खोल्या हिवाळ्यात धरतो आणि आगाऊ रक्कम भरतो. विमानाची गटाची तिकिटेही तशीच. घटना घडते आणि दोन दिवसांत प्रवासी पैसे परत मागतात. त्यांचे चुकत नाही. विमान कंपन्या थोड्या मुदतीपुरते रद्द करण्याचे शुल्क माफ करतात, तसे २०२५ मध्येही केले. पण हॉटेलवाल्याकडे गेलेली रक्कम तोवर पगारात, रंगरंगोटीत, कर्जाच्या हप्त्यात गेलेली असते. तो म्हणतो, पैसे नाहीत, पुढच्या वर्षी याच पैशांत या. पुढच्या वर्षी यायला प्रवासी तयार नसतो. मधला माणूस, म्हणजे सातारा रस्त्यावर एका गाळ्यात दोन टेबले टाकून बसलेला लहान सहलवाला, दोन्हीकडून अडकतो. मोठ्या कंपनीकडे दुसऱ्या ठिकाणच्या सहली असतात. ती काश्मीरचा प्रवासी हिमाचलला वळवते. लहान माणसाचे नाव एकाच ठिकाणासाठी झालेले असते. विमा असतो, पण बऱ्याच पॉलिसींत युद्ध आणि दहशतवाद बारीक अक्षरांत वगळलेले किंवा मर्यादित केलेले असतात.

आणि या धंद्याचा मूळ स्वभाव असा, की माल साठवता येत नाही. सफरचंद शीतगृहात राहते. काल रात्री रिकामी राहिलेली खोली आज विकता येत नाही. एप्रिल-मेचे नुकसान जूनमध्ये भरून निघत नाही, पुढच्या एप्रिलची वाट पाहावी लागते. २०२५ साली तर मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर आणि त्यानंतरचे चार दिवस, श्रीनगरचा विमानतळ बंद. मग ऑगस्टमध्ये किश्तवाडची ढगफुटी, पूर, जम्मू-श्रीनगर महामार्ग ठप्प. सप्टेंबरात सफरचंदांचे ट्रक रस्त्यावर अडकले, म्हणजे साठवता येणारा मालही सडला. एका वर्षाच्या तोट्यातला किती भाग बंदुकीचा आणि किती पावसाचा, हे वेगळे काढणे सोपे नाही.

हे वेगळे काढण्याची अडचण जुनीच आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसे मारली गेली, आणि हल्लेखोरांनी जी ठिकाणे निवडली त्यांत ताज, ओबेरॉय, लिओपोल्ड ही परदेशी पाहुण्यांची ठिकाणे मुद्दाम होती. त्यानंतर भारतात येणारे परदेशी पर्यटक २००८ मधल्या सुमारे ५२.८ लाखांवरून २००९ मध्ये ५१.७ लाखांवर आले, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास घट. पण ते जागतिक मंदीचेही वर्ष होते. जगभर लोक घरी बसले होते. २०१० साली आकडा ५७.८ लाखांवर गेला, त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ माणसे गेली तरी. देशाचा आकडा एका घटनेने सहसा फारसा हलत नाही. हलते ती गल्ली. कोरेगाव पार्कात आश्रमाच्या निमित्ताने येणाऱ्या परदेशी लोकांवर जगणारी छोटी दुकाने, भाड्याच्या खोल्या, रिक्षा यांना राष्ट्रीय सरासरीचा काही उपयोग नव्हता.

एकट्या घटनेपेक्षा सलग हिंसा कितीतरी जास्त मारक, हे काश्मीरनेच दाखवले आहे. १९८८ साली खोऱ्यात सात लाखांवर पर्यटक आले होते. १९९० साली ते दहा हजारांच्या घरात आले, पुढच्या वर्षी त्याहूनही खाली. १९९५च्या जुलैत पहलगामच्या वरच्या डोंगरांतून सहा परदेशी गिर्यारोहकांचे अपहरण झाले. एक निसटला, एकाचा शिरच्छेद झाला, चौघांचा पत्ता कधीच लागला नाही. काही पाश्चात्त्य देशांनी नागरिकांना दिलेल्या ‘जाऊ नका’ या सूचना पुढे वर्षानुवर्षे टिकल्या. पाश्चात्त्य पर्यटक गेला तो परतलाच नाही म्हणावे इतका कमी परतला. त्याची जागा आपण भरली, पुण्या-मुंबईच्या, अहमदाबादच्या, कोलकात्याच्या माणसांनी. शिकाऱ्यावर आज हिंदीचे जे चार शब्द आणि मराठीचा जो एखादा शब्द ऐकू येतो तो या बदलाचा. बाजार संपला नाही, गिऱ्हाईक बदलले.

श्रीलंकेची गोष्टही थोडी अशीच. २१ एप्रिल २०१९च्या ईस्टर हल्ल्यांनंतर मे महिन्यात तिथे जेमतेम ३८ हजार पर्यटक गेले. आदल्या मे महिन्यात सव्वा लाखांहून अधिक गेले होते. तरी डिसेंबरपर्यंत संख्या जवळजवळ पूर्वपदावर आली, कारण घटना पुन्हा घडली नाही आणि सरकारने ऑगस्टपासून कित्येक देशांच्या नागरिकांना व्हिसा शुल्क माफ केले. मग आली ती महासाथ आणि २०२२ची दिवाळखोरी. इजिप्तमध्ये लक्सरला १९९७ साली हातशेप्सुतच्या मंदिरात ६२ जण मारले गेले, तिथेही पर्यटक काही काळाने परतले. बालीत २००२ साली २०२ माणसे गेली, सावरत होते तोच २००५ साली दुसरा स्फोट झाला. दुसरा घाव पहिल्याहून लहान असला तरी तो माणसांच्या मनातला ‘एकदाच झाले’ हा आधार काढून घेतो.

भीतीला नकाशा नीट वाचता येत नाही, हेही या सगळ्यात दिसते. लांबून पाहणाऱ्याला देश एकच ठिपका असतो. मुंबईत हल्ला झाला की लंडनमधला माणूस केरळची सहल रद्द करतो. बैसरनला गोळीबार झाला की पुण्यातले कुटुंब लडाखचीही तिकिटे परत करते. आणि बेळगावात दगड पडले की पुणेकर दांडेलीला जायचे टाळतो. कोल्हापूरकर मात्र दुसऱ्या दिवशी नंबरप्लेटचा विचार करून, वाटेतल्या ओळखीच्या माणसाला फोन लावून, बेळगावला लग्नाला जातो. जवळच्या माणसाला गाव ठाऊक असते, लांबच्याला फक्त बातमी.

पर्यटक हा मात्र नेहमी मार खाणाराच असतो असे नाही. मे महिन्यात तुर्कस्तानने आणि अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर आपल्याकडे त्या देशांच्या सहलींवर बहिष्कार पडला. २०२४ साली तुर्कस्तानात सव्वातीन लाखांवर आणि अझरबैजानात सुमारे २.४ लाख भारतीय गेले होते. स्वारगेटपासून हाकेच्या अंतरावरच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घेणे थांबवले. न जाणे हेही राजकारणाचे हत्यार होते, आणि ते वापरताना रक्त सांडत नाही. पण त्या हत्याराचा दुसऱ्या टोकाचा घाव कुणाला बसतो, हे आपणच एप्रिलनंतर पाहिले होते. काश्मीरला जाऊ नका, त्यांना पैसा देऊ नका, असे संदेश तेव्हा माझ्याही फोनवर फिरत होते. ज्या गावातला घोडेवाला मारला गेला त्याच गावाला ती शिक्षा होती. शोकात माणसे असे बोलतात, ते मी समजू शकतो. धोरण म्हणून ते मला पटत नाही.

उलट बाजूचा धागाही याच सातारा रस्त्यावर आहे. संजय नहार यांच्या ‘सरहद’ संस्थेने गेली अनेक वर्षे काश्मिरातल्या हिंसाग्रस्त कुटुंबांतली मुले शिकायला पुण्यात आणली; फेब्रुवारीतल्या दिल्लीच्या संमेलनाची यजमानही हीच संस्था. पर्यटक चार दिवसांत डल लेक पाहून येतो आणि त्याला खोऱ्याची ओळख झाली असे वाटते. कात्रजला वाढलेला काश्मिरी मुलगा पुण्याला ज्या अंगाने ओळखतो तशी ती ओळख नाही. म्हणूनच पर्यटनाने लोक जवळ येतात हे वाक्य मी जपून वापरतो. व्यवहार जवळ येतो. तेवढाही पुष्कळ असतो, कारण तो थांबला की चुली थांबतात.

हल्ल्यानंतर आठवड्याभरात जम्मू-काश्मीर सरकारने ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली. २७ मे रोजी ओमर अब्दुल्ला यांनी मंत्रिमंडळाची बैठकच पहलगामला घेतली, ६ जूनला कटरा-श्रीनगर वंदे भारत गाडी सुरू झाली, जूनच्या मध्यावर १६ ठिकाणे पुन्हा उघडण्याचा निर्णय झाला. त्यांत पहलगामच्या आसपासचीही ठिकाणे होती, बैसरन नव्हते. बैसरनला मोटार जात नाही. पहलगामहून वर जायचे ते पायी किंवा घोड्यावरून. त्यामुळे ते कुरण बंद राहिले की टॅक्सीवाल्याला दुसरीकडचे भाडे मिळते, हॉटेलवाल्याला थोडीफार वस्ती मिळते, आणि घोडेवाल्यांचा तो रस्ता तेवढा रिकामा राहतो.